आजीच्या डब्यावरची तीन पिल्ले: नेस्लेबद्दल तुम्हांला काय काय माहीत आहे?

अंत्रुजबाय

नमस्कार मंडळी. गोव्यात मडकईला असलेल्या आमच्या आजोळच्या घराची कौले उतरवायचे काम सुरू आहे. त्यासाठी गेल्या रविवारी आम्ही मामेभावंडे मिळून माळा रिकामा करत होतो. कोळशाची इस्त्री, चेपलेली भांडी, सुपे आणि त्या सगळ्यांच्या मागे एक उंच पत्र्याचा डबा. आजी त्यात राई ठेवायची हे मला लख्ख आठवते. झाकण गंजून घट्ट बसले होते, चमच्याच्या दांड्याने उचकटले. तळाला राईचे चारपाच दाणे होते आणि हिंगाचा वास अजून होता.

डबा पुसला तर एका बाजूला चित्र दिसू लागले. काटक्यांचे घरटे, त्याच्या काठावर चोचीत काहीतरी धरून बसलेली पक्षीण आणि चोची उघडून बसलेली पिल्ले. म्हणजे नेस्ले. पण पिल्ले तीन! घरी परत आल्यावर कॉफीची बाटली पाहिली, तिच्यावर दोनच आहेत. डब्यावरची अक्षरे पोर्तुगीज आहेत. 'फारिन्या लाक्तेआ' एवढे मोठ्या मामांनी वाचून दाखवले. खाली बारीक अक्षरांत बरेच काही खरवडून गेले आहे, शेवटचा शब्द तेवढा स्पष्ट आहे: 'आवांका'. मामांना तो लागला नाही. आजीची धाकटी बहीण अजून आहे, ती फक्त एवढेच म्हणाली, "गे बाये, तो डबो उडोवं नाका." म्हणजे तो डबा टाकू नका.

तर दोन प्रश्न. तिसरे पिल्लू कुठे गेले? आणि आवांका म्हणजे काय? शिवाय उसगावला आणि मावळिंगेला या कंपनीचे कारखाने आहेत, आपल्यापैकी कितीतरी घरांतली माणसे तिथे कामाला जातात, पण कंपनीबद्दल मला तरी काहीच माहीत नाही. तुम्हांला जे जे ठाऊक असेल ते इथे लिहा.

व्हाळाकाठी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आहे. कंपनीने १९८८ साली चिन्ह सोपे केले, तेव्हा पक्षिणीच्या चोचीतली अळी काढली आणि तीन पिल्लांची दोन केली. त्यामुळे तुमचा डबा त्याआधीचा हे नक्की, आणि पोर्तुगीज अक्षरे पाहता बहुधा गोवा मुक्त होण्याच्या, म्हणजे १९६१ च्याही आधीचा. अळी नीट बघा, दिसेल.

हे घरटे जाहिरातवाल्यांनी शोधलेले नाही. कंपनी काढणाऱ्या माणसाचे मूळ नाव हाइनरिश नेस्टले. जन्म १८१४, जर्मनीतले फ्रँकफुर्ट. त्याच्या घराण्याच्या बोलीत नेस्टले म्हणजे छोटे घरटे, आणि कुळाच्या मुद्रेवरही घरटेच होते. तो स्वित्झर्लंडच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागात, वेव्हे नावाच्या तळ्याकाठच्या गावात स्थायिक झाला, म्हणून हाइनरिशचा आँरी झाला आणि नावावर फ्रेंच पद्धतीची मात्रा आली. १८६८ साली त्याने कुळाच्या मुद्रेत पक्षीण आणि पिल्ले घालून ते चिन्ह मालावर छापायला सुरुवात केली. त्याच्या एका विक्रेत्याने सुचवले होते की घरट्याऐवजी स्विस झेंड्यावरचा पांढरा क्रूस वापरू या. याने साफ नकार दिला. क्रूस कोणीही वापरील, माझ्या कुळाची मुद्रा दुसऱ्या कोणाला वापरता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. दीडशे वर्षांपूर्वी एका औषधविक्याला हे सुचले याचे मला फार कौतुक वाटते.

अंत्रुजबाय

अळी आहे! भिंगातून पाहिली. अगदी बारीक रेघ आहे, मी तो पत्र्यावरचा ओरखडा समजत होते. मनापासून आभार.

रांदचीकूड

औषधविक्या होता? मला वाटायचे कुणी दूधवाला असेल.

व्हाळाकाठी

औषधाच्या दुकानात शिकून तयार झालेला. पण त्याने पोटासाठी काय काय केले ते वाचले तर थक्क व्हायला होते. मोहरीची चटणी विकली, लेमोनेड विकले, तेले काढली, गावाच्या दिव्यांना लागणारा गॅस बनवला, खतही केले. त्याचे आईवडील चौदा मुलांचे, हा अकरावा, आणि त्यातली बरीच भावंडे लहानपणीच गेली. त्याला स्वतःचे मूल नव्हते. दूध, भाजलेल्या गव्हाचे पीठ आणि साखर यांचे बाळांसाठीचे अन्न त्याने १८६७ मध्ये तयार केले. दिवस भरायच्या आत जन्मलेले, आईचे दूध न घेणारे एक बाळ त्यावर जगले आणि नाव झाले. तुमच्या डब्यावरचे 'फारिन्या लाक्तेआ' म्हणजे तेच दुधाचे पीठ. आठ वर्षांत, १८७५ ला, त्याने दहा लाख फ्रँकांना सगळे विकले आणि बाजूला झाला. म्हणजे आज जगभर पसरलेल्या कंपनीशी नेस्ले नावाच्या माणसाचा संबंध फक्त सुरुवातीच्या काही वर्षांचा.

दर्यावर्दी

आता दुसरा प्रश्न. मी बोटीवर होतो, लिस्बनला अनेकदा उतरलो आहे, तिथे माझा चुलतभाऊ राहतो. आवांका हे उत्तर पोर्तुगालमधले, आवेइरूच्या बाजूचे एक गाव. तुमच्या डब्यावर खरवडलेली अक्षरे बहुतेक 'सोसिएदाद द प्रोदुतुश लाक्तेउश' अशी असणार, म्हणजे दुग्धपदार्थांची मंडळी, कंपनी. ही मंडळी १९२३ साली तिथे निघाली, दूध पावडर करायला. पुढे १९३० च्या दशकात नेस्लेने पोर्तुगालात आपला माल बनवायचा परवाना यांनाच दिला, आणि त्यातूनच आजची पोर्तुगालची नेस्ले उभी राहिली. तुमच्या आजीचा डबा स्वित्झर्लंडहून नव्हे, आवांकाहून बोटीने आला.

आता नीट बसून वाचा. ही मंडळी काढली कोणी? एगास मोनीज. आवांका त्याचे जन्मगाव. हा मेंदूचा डॉक्टर. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांचा एक्स-रे काढायची पद्धत त्याने १९२७ मध्ये शोधली, ती सुधारलेल्या रूपात आजही रोज वापरतात. पोर्तुगालचा परराष्ट्रमंत्रीही होता, पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिसच्या तहपरिषदेला गेला होता. आणि १९४९ साली त्याला वैद्यकाचे नोबेल मिळाले. नोबेल मात्र मेंदूचे धागे कापून वेड बरे करायच्या शस्त्रक्रियेसाठी. त्या शस्त्रक्रियेने पुढे जगभर हजारो लोकांची आयुष्ये उद्ध्वस्त केली आणि ती बंद पडली. हेही सांगायला हवे, म्हणून सांगतो.

पण गोंयकारांसाठी खरी गोष्ट पुढे आहे. याच एगास मोनीजने १९२५ साली एका माणसाच्या संमोहनविद्येवर आख्खे पुस्तक लिहिले. तो माणूस म्हणजे आपला कांदोळीचा आबे फारिया.

व्हाळाकाठी

काय सांगता! पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी ज्याचा पुतळा आहे तो?

दर्यावर्दी

तोच. १७५६ मध्ये कांदोळीला जन्मला, बापाबरोबर पोर्तुगालला गेला, पुढे पॅरिसला. संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकी द्रव निघतो असे तेव्हाचे जाणते मानत. फारियाने ठामपणे सांगितले की तसे काही नसते, जे घडते ते समोरच्याच्या मनात, सूचनेने घडते. त्याची हयातीत टिंगल झाली. शंभर वर्षांनी त्याची बाजू पोर्तुगीजांना समजावून सांगणाऱ्यांत दूध पावडरीचा कारखाना काढणारा हा डॉक्टर होता. मी त्या पुतळ्याखालून लहानपणापासून जात आलो. बाई खाली पडते आहे आणि पाद्री वरून हात पसरून उभा आहे, एवढेच बघून आम्ही मुले घाबरायचो. हे सगळे मला पन्नाशीत कळले.

अंत्रुजबाय

मी दोनदा वाचले, मग मामांना फोन लावून मोठ्याने वाचून दाखवले. तो पुतळा १९४५ चा, आणि तो घडवणारे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत आमच्या मडकईचे! हे गावातल्या पोराटोरांना माहीत असते. म्हणजे ज्या गावच्या माणसाने फारियाला घडवले, त्याच गावातल्या एका माळ्यावर मोनीजच्या गावचा डबा इतकी वर्षे पडून होता. मामा बराच वेळ काही बोललेच नाहीत.

डिचोलकार

मी दूरचे सांगत नाही, जवळचे सांगतो. गोव्यातले दोन्ही कारखाने १९९० नंतरच्या दशकातले. उसगावला किटकॅटसारखी चॉकलेटे होतात, आमच्या डिचोली तालुक्यात मावळिंगेला मॅगी होते. कंपनीचा भारतातला पहिला कारखाना मात्र पंजाबात मोगा इथे, १९६१ चा. म्हणजे आपण मुक्त झालो त्याच वर्षीचा. आणि व्यापार म्हणाल तर ती १९१२ पासून भारतात आहे.

२०१५ चा उन्हाळा आठवतो का? माझे तेव्हा छोटे किराणा दुकान होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मॅगी बंद केली. कोलकात्याच्या प्रयोगशाळेच्या अहवालात शिसे १७.२ पीपीएम (दहा लाख भागांत १७.२ भाग) आले होते, मर्यादा २.५ ची. वर पाकिटावर 'एमएसजी (चव वाढवणारे अजिनोमोटो) घातलेले नाही' असे लिहिले होते त्याचाही वाद. फळीवरचा पिवळा पट्टाच्या पट्टा एका दुपारी रिकामा झाला. शाळा सुटल्यावर पोरे येऊन त्या रिकाम्या फळीकडे बघत उभी राहायची. परत गोळा केलेली हजारो टन पाकिटे सिमेंटच्या भट्ट्यांत जाळली.

यातला गोव्याचा भाग बाहेर फारसा कुणाला माहीत नाही. आपल्या एफडीएने, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने, नमुने म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संस्थेकडे पाठवले होते आणि ते मानकांत बसले. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उठवली. कंपनीला बाजू मांडायची संधी दिली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्यांना त्या कामाची रीतसर मान्यता नव्हती, ही मुख्य कारणे. पुन्हा तपासणी करून मग विक्रीची परवानगी मिळाली. नव्याने उत्पादन सुरू झाले ते तीन ठिकाणी: कर्नाटकातले नंजनगूड, मोगा आणि आमचे डिचोली. नोव्हेंबरात, धनत्रयोदशीला, मॅगी परत दुकानात आली. त्या दिवशी मी तिची पाकिटे पणत्यांच्या शेजारी मांडली होती.

मोगऱ्याची_कळी

मॅगी हे माणसाचे नाव आहे हे किती जणांना माहीत आहे? युलियुस मॅगी, गिरणीवाल्याचा मुलगा, बाप इटलीहून स्वित्झर्लंडला आलेला. गिरण्यांचे दिवस बरे नव्हते. त्याच वेळी तिथला एक डॉक्टर आणि कारखाना निरीक्षक, फ्रिडोलिन शूलर, ओरडून सांगत होता की कारखान्यात जाणाऱ्या बायकांना स्वयंपाकाला वेळ नाही, घरे अर्धपोटी आहेत, त्यांना झटपट शिजणारे आणि अंगी लागणारे काहीतरी द्या. मॅगीने कडधान्ये भाजून दळली आणि १८८६ च्या सुमारास वाटाण्याचे, घेवड्याचे तयार सूप काढले. म्हणजे आपल्या कुळथाच्या पिठाच्या पिठल्याचीच कल्पना. सकाळी सातच्या बसने उसगावला कामाला निघणाऱ्या बाईला आज रात्री जे हवे असते, तेच तेव्हाही हवे होते. नेस्लेत मॅगी आली ती फार नंतर, १९४७ ला. नूडल्स आपल्याकडे १९८३ च्या.

अजून एक. मॅगीचा काळा सॉस जर्मनीत इतका मुरला की त्या वासाच्या एका पालेभाजीला तिथले लोक 'मॅगीची भाजी' म्हणू लागले. सॉसमध्ये ती भाजी नसतेच!

सिस्टरमावशी

मी निवृत्त नर्स आहे. तुम्ही सगळे आनंदाने लिहीत आहात, मीही आनंदाने वाचले. पण घरट्याची गोष्ट चालली आहे तर त्यातला हा भागही यायला हवा.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी एका खेड्यातल्या आरोग्य केंद्रात होते. एक बाई चार महिन्यांचे मूल घेऊन आली. मुलाची टाळू खोल गेलेली, चिमटा घेतला तर कातडी तशीच उभी राहत होती. मी विचारले, काय पाजतेस? तिने अभिमानाने पदराआडून बाटली काढली. मी ती उजेडाला धरली. पाणीच ते, नुसते पांढरट. डबा महाग म्हणून एका चमच्यात दिवस काढत होती, आणि पाणी विहिरीचे, न उकळलेले. बाटली सुरू केल्यावर अंगावरचे दूध आटले होते, त्यामुळे मागे फिरायलाही वाट नव्हती. डबा कुठल्या कंपनीचा होता ते मी इथे लिहिणार नाही, त्याने फरक पडत नाही. मूल वाचले. सगळी वाचत नसत.

हे जगभर गरीब देशांत चालले होते. म्हणून १९७७ साली अमेरिकेत लोकांनी नेस्लेवर बहिष्कार घातला, आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आईच्या दुधाच्या पर्यायांची जाहिरात कशी करू नये याची संहिता केली. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे. जाऊन बघा, बाळाच्या दुधाच्या डब्यावर आईचे किंवा बाळाचे चित्र छापता येत नाही, आणि आईचे दूध सर्वोत्तम हे ठळक लिहावेच लागते. २००३ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या डब्यांच्या अन्नाची जाहिरातच करता येत नाही. टीव्हीवर अशी जाहिरात तुम्हांला का दिसत नाही, त्याचे कारण हे.

डिचोलकार

मावशी, तुमचे वाचून गप्प झालो. पण एक विचारतो. व्हाळाकाठींनी लिहिले तसे ते पहिले बाळ त्याच पिठावर जगले ना? मग चूक पिठाची की विकण्याच्या पद्धतीची?

सिस्टरमावशी

बाबा, ज्याची आई गेली किंवा ज्याच्या आईला दूधच नाही अशा बाळाला मी स्वतः पावडर पाजली आहे, मोजून, उकळलेल्या पाण्यात. तेव्हा तिचा उपकारच वाटतो. ज्या आईला दूध आहे तिला ते कमी दर्जाचे वाटायला लावणे, हे मला सहन होत नाही. दोन्ही खरे आहे.

अंत्रुजबाय

मावशी, तुम्ही लिहिलेत हे फार बरे झाले. काल मावशीआजीला विचारले की तो डबा घरात आला कसा. मोठ्या मामांच्या जन्मानंतर आजीला दोन महिने ताप होता, तेव्हा आजोबांनी पणजीहून आणला, असे ती म्हणाली. पाणी उकळायला वेगळे भांडे ठेवले होते, त्याला दुसरे कोणी हात लावायचा नाही असा दंडक होता. म्हणजे ज्यांनी मला 'फारिन्या लाक्तेआ' वाचून दाखवले, त्याच मामांचे ते जेवण.

रांदचीकूड

डोळ्यांत पाणी आले. मी जरा गोड काहीतरी लिहिते.

सेर्रादुरा (बिस्किटांचा चुरा आणि मलईचे थरांचे गोड) करताना मिल्कमेडचा डबा उघडतो ना, ती मिल्कमेड मुळात नेस्लेची नव्हती, कट्टर प्रतिस्पर्ध्याची होती. पेज नावाच्या दोन अमेरिकन भावांनी १८६६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आटवलेल्या दुधाचा कारखाना काढला. एक भाऊ झुरिचला अमेरिकेचा उपवाणिज्यदूत होता. त्यांनी बाळांचे अन्न काढले, नेस्लेवाल्यांनी उलट आटवलेले दूध काढले, वर्षानुवर्षे भांडले आणि १९०५ ला एक झाले.

आणि मिल्क चॉकलेट! नाताळात घरी चॉकलेटे करणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे की वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचा एक थेंब पडला की ते घट्ट होऊन त्याचा रवाळ गोळा होतो. मी मागच्या वर्षी ओल्या चमच्याने पाव किलो घालवले. दुधात तर पाणीच पाणी. म्हणून कोको आणि दूध एकत्र टिकेना. नेस्लेच्याच गावात डानियल पेटर म्हणून एक मेणबत्त्या करणारा होता. दिव्यांना रॉकेल आले, मेणबत्त्या बसल्या, मग सासऱ्याच्या चॉकलेटच्या धंद्याकडे वळला. कित्येक वर्षे धडपडला, सुरुवातीच्या वड्यांना बुरशी यायची. शेवटी दुधातले पाणी आधी काढायला हवे हे जमले आणि १८७५ मध्ये मिल्क चॉकलेट झाले.

मोगऱ्याची_कळी

किटकॅटही आयती आलेली. यॉर्कच्या राउनट्री कंपनीची, १९३५ ची, तेव्हा नाव वेगळे होते. नेस्लेने ती कंपनी घेतली १९८८ मध्ये, म्हणजे पिल्लू कमी झाले त्याच वर्षी. अमेरिकेत ती आजही हर्शी नावाची दुसरीच कंपनी बनवते. आणि दोन वेफरांच्या मधल्या थरात काय असते माहीत आहे? तुटलेल्या, वाकड्या निघालेल्या किटकॅट दळून घालतात. कालच्या भाताचे थालीपीठ करतो तसे.

दर्यावर्दी

अंत्रुजबाय, चुलतभावाला डब्याबद्दल सांगितले. आवांकाला मोनीजच्या घरात आता संग्रहालय आहे, तो उन्हाळ्यात जाऊन येतो म्हणाला. तळाचा फोटो पाठवा, तिथे काही आकडे ठोकलेले असतील तर साल कळायची आशा आहे.

अंत्रुजबाय

तळाला गंज फार आहे. उद्या चिंच लावून घासते आणि फोटो टाकते.

रांदचीकूड

नको नको, चिंच अजिबात लावू नका! तांब्यापितळेला चिंच. हा छापील पत्रा आहे, आंबटाने रंगच निघून जाईल, पक्षीण राहणार नाही. कोरड्या मऊ फडक्याला खोबरेल तेलाचे बोट लावा आणि फक्त तळ पुसा, तोही हलक्या हाताने. झाकण बंद करू नका, आत एक दिवस ऊन लागू द्या.

अंत्रुजबाय

बरे झाले सांगितलेत, चिंच भिजतच घातली होती. ती आता आमटीत जाईल. डबा व्हरांड्यात उन्हाला ठेवला आहे, मावशीआजी खुर्ची घेऊन शेजारी बसली आहे. तळाचा फोटो संध्याकाळी टाकते.